विठोबाचे आपल्या जिल्ह्यातले दोस्त

(दृश्य: सोलापूर एसटी स्टँड, पहाटे, पंढरपूरची गाडी लागतेय)

एकादशी असू दे नाहीतर साधा बुधवार, पंढरपूरची गाडी लागली की खिडकीतून पिशव्या आणि टॉवेल टाकून जागा धरायची घाई असतेच. सगळे निघालेत त्याला भेटायला. आम्ही मात्र तो स्वतः ज्यांच्याकडं जायचा त्यांची गावं गाठली, आणि बघतो तर त्यातले कितीतरी आपल्याच जिल्ह्यातले की ओ.

(दृश्य: चंद्रभागेचं वाळवंट, पुंडलिकाचं देऊळ)

आता हा कोण, तर अख्ख्या ब्रह्मांडाचा मालक. दारात येऊन उभा राहिला तर पुंडलिक म्हणाला आईबापाची सेवा चाललीय, जरा थांब, आणि एक वीट फेकली उभं राहायला. तेव्हापासून अठ्ठावीस युगं तिथंच उभाय, कमरेवर हात ठेवून, राग नाही लोभ नाही. राक्षस मारल्याच्या गोष्टी याच्या नावावर फारशा सापडत नाहीत, सापडतात त्या कामाच्या. जनाबाईबरोबर जात्यावर बसला, गोरोबांकडं मडकी घडवली, आणि नामदेव लहानपणी हट्टाला पेटला तेव्हा नैवेद्य खाऊन ताट रिकामं केलं. गाभाऱ्यातलं शूटिंग आमच्याकडं नाही, पण तिथं आजही कुणीही जाऊन थेट त्याच्या पायावर डोकं ठेवतो, एवढं सांगून पुढं जाऊ.

(दृश्य: मंगळवेढा, ज्वारीचं रान, कणीस हातात चोळताना जवळून)

ही मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी. काळी जमीन, वरून पाऊस नसला तरी थंडीतल्या ओलीवर येणारी, 2016 साली हिला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. दाणा बघा कसा मोत्यासारखा आहे. दामाजीपंतांची गोष्ट याच मातीत घडली. बहामनी राजवट, दामाजीपंत इथले कारभारी, आणि दुष्काळ असा पडला की लोक दारात येऊन पडायला लागले. पंतांनी परवानगी वगैरे काही न विचारता सरकारी कोठार उघडून दिलं. बातमी बिदरला गेली, पंतांना धरून न्यायला माणसं निघाली, आणि पंत तिथं पोचायच्या आत एक माणूस बादशहापुढं जाऊन उभा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, म्हणाला मी विठू महार, दामाजीपंतांचा चाकर, हे धान्याचे पैसे मोजून घ्या आणि पावती द्या. मोहरा ओतल्या, पावती घेतली आणि गेला. पावती मागितली हे आम्हाला फार आवडलं, देव असून हिशोबाला पक्का. आणि रूप कुणाचं घेतलं तेही बघा, सरदाराचं घेता आलं असतं.

(दृश्य: मंगळवेढ्याची जुनी गल्ली, मग पंढरपूरचं महाद्वार, नामदेव पायरी)

याच गावात गावकूस बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले, साल 1338. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथं पंढरपूरला आणल्या, हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं म्हणून ओळखल्या असं सांगतात. समाधी महाद्वारासमोर, पायरीशी. त्यांच्या जातीच्या माणसांना ही पायरी चढून आत जायला 1947 साल उजाडावं लागलं, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठं.

(दृश्य: अरण, मळा, मोटारीचं पाणी सरीत शिरतंय, खुरपं चालतंय)

आणि हे अरण. माढा तालुका, मोडनिंबच्या जवळ. सावता माळ्याचं गाव, 1250 चा जन्म. पंढरपूर इथून चालत जाण्यासारखं, आणि हा माणूस वारीला गेला नाही म्हणतात. भाजीला पाणी कोण देणार? कांदा मुळा सोडून देव बघायला जायचं हे त्याला पटतच नव्हतं, मळ्यातच विठाई आहे म्हणायचा. मग देवच आला. ज्ञानदेव आणि नामदेवांबरोबर कूर्मदास नावाच्या भक्ताला भेटायला निघाला होता, वाटेत अरण लागलं तशी त्या दोघांना बाहेर थांबवून हा एकटाच मळ्यात पळत शिरला, म्हणाला सावत्या, माझ्या मागं दोन चोर लागलेत, लपव मला. सावत्यानं हातातल्या खुरप्यानं स्वतःची छाती चिरली, देवाला आत ठेवलं, वरून घोंगडी बांधली आणि परत भाजी खुरपायला बसला. तिकडं नामदेव शोधून शोधून रडायला लागला. म्हंजे ब्रह्मांडाचा धनी लपाछपी खेळतोय आणि तीसुद्धा छातीत शिरून! असला दोस्त असल्यावर माणूस वारीला कशाला जाईल.

(दृश्य: पालखी, नारळांची हंडी, माणसांचा गराडा)

आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबांची पुण्यतिथी. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, सावतोबांची जात नाही. उलट पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी इकडं येते, त्याच्या गावाला, आणि मग नारळांची हंडी फुटते. खाली उभं राहायचं तर डोकं सांभाळून, आमच्या कॅमेरावाल्याच्या खांद्यावर एक पडलाच, तो प्रसाद म्हणून घरी घेऊन गेला.