दुसऱ्या क्रमांकाची बोली

(पडद्यावर: हिरवा-नारिंगी अमूर्त कॅनव्हास, खालच्या कोपऱ्याकडे सरकणारा कॅमेरा)

मे २०००. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर एक चित्र येतं. सुरुवातीची बोली फक्त २५ सेंट. विक्रेता सांगतो, बर्कलीत कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून हे घेतलं. बायको घरात ठेवू देत नाही, मुलाने खेळता खेळता भोकही पाडलंय. चित्रकाराचं नाव तो कुठेच घेत नाही. फक्त एका फोटोत कोपऱ्यात अक्षरं दिसतात: 'आर डी ५२'.

जाणकार अर्थ लावतात. रिचर्ड डीबेनकॉर्न, कॅलिफोर्नियाचा नावाजलेला चित्रकार, साल १९५२. बोली चढत जाते आणि १,३५,८०५ डॉलरवर थांबते. नेदरलँड्समधला एक जण लिलाव जिंकतो.

विक्रेत्याला ना बायको होती, ना मूल. तो होता सॅक्रामेंटोचा वकील, केनेथ वॉल्टन. ती अक्षरंही त्यानेच रंगवली होती. पण ईबेने हा लिलाव रद्द केला तो चित्र खोटं म्हणून नव्हे. वॉल्टनने दुसऱ्या नावाने स्वतःच्याच चित्रावर बोली लावली होती, म्हणून.

ही बाब किरकोळ वाटेल, पण खरी लबाडी इथेच आहे.

(पडद्यावर: बोलींची यादी)

ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम आधीच भरून ठेवता, समजा ५,००० डॉलर. यंत्रणा ती कुणाला दाखवत नाही. समोरच्याने जेवढी बोली लावली, त्याच्या जरा वर तुम्हाला ठेवते, बस्स. म्हणजे तुम्ही किती मोजणार हे ठरतं दुसऱ्या क्रमांकाच्या माणसावर. तो खरा गिऱ्हाईक असेल तर भाव खरा. तो विक्रेत्याचाच माणूस असेल, तर तो २,००० म्हणतो, तुम्ही वर. ३,००० म्हणतो, तुम्ही वर. तुमचा खिसा कुठवर आहे, हे तो असा चाचपत जातो. चुकून तुमच्या पुढे गेलाच, तर 'जिंकणारा मागे फिरला, वस्तू तुम्हाला देतो' असा निरोप येतो, तोही तुमच्याच कमाल रकमेला.

शिवाय गर्दी पाहून माणसाची भीड चेपते. इतके जण मागे लागलेत, म्हणजे माल अस्सल असणार! डीबेनकॉर्नच्या चित्रावर तज्ज्ञाचा दाखला नव्हता. चढत्या बोलीलाच लोकांनी दाखला मानलं.

वॉल्टन एकटा नव्हता. तिघे मिळून एकमेकांच्या मालावर बोली चढवत, एकमेकांना चांगले शेरे देत. तपासात त्यांची चाळीसहून अधिक खाती निघाली. २००१ मध्ये तिघांवर खटला भरला गेला. वॉल्टन आणि एका साथीदाराने गुन्हा कबूल केला. तिसरा फरार झाला, तो २००३ मध्ये सापडला. वॉल्टनची वकिलीची सनद गेली.

(पडद्यावर: उलटं मोजणारं घड्याळ)

शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकणाऱ्यांवर पुष्कळ लोक चिडतात. माझ्या मते त्यांना नावं ठेवणं अन्यायाचं आहे. तो नियमात बसणारा डाव आहे, आणि खिसा चाचपणाऱ्याला त्यात वेळच मिळत नाही. खोटेपणा आहे तो दोन खात्यांच्या जोडगोळीत. एक खातं छोटी बोली लावतं, दुसरं अवाच्या सव्वा बोली लावून बाकीच्यांना पळवून लावतं, आणि अखेरीस ती मोठी बोली मागे घेतली जाते. माल पहिल्याला कवडीमोल मिळतो. इथे लुटला जातो तो विक्रेता.

विक्रेत्याने स्वतःच बोली चढवण्याची लबाडी पकडायची वाट बोलींच्या यादीतच होती. एकाच विक्रेत्याच्या मालावर सतत बोली लावणारा, पण कधीच न जिंकणारा माणूस नजरेत भरायचा. जागरूक गिऱ्हाइकं असे अनेक जण शोधून काढत. २००६-०७ च्या सुमारास ईबेने बोली लावणाऱ्यांची नावं झाकायला सुरुवात केली. कारण खरं होतं: हरलेल्यांना गाठून भामटे खोटे देकार पाठवत होते. पण त्याबरोबर गिऱ्हाइकांच्या हातातली ही तपासणीही अवघड झाली. निदान टोपणनाव तरी उघडं ठेवायला हवं होतं.