खाडीकाठी दोन राजे

[दृश्य: भरतीला लागलेली ठाण्याची खाडी. कळव्याच्या पुलावरून लोकल जाते.]

निवेदन:

तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्हा मित्रांची एका राजावरून अजून भांडणं होतात. राजाचं नाव आर-फाराझोन. बखरीत शोधू नका. त्याचं न्यूमेनॉर बेट टोल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने कागदावर वसवलं, वंशावळ्या-सनावळ्यांसकट.

गादी खरं तर चुलत्याच्या मुलीची, मीरिएलची. याने तिच्या मनाविरुद्ध तिच्याशी लग्न लावलं आणि राजदंड स्वतःकडे घेतला. मग सॉरॉन, टोल्किनच्या जगातला काळ्या शक्तींचा स्वामी, स्वतःला माणसांचा राजा म्हणवतो हे कळलं, आणि दुसऱ्या युगाच्या ३२६१ साली हा आरमार घेऊन निघाला. किनाऱ्यावर उतरलेली फौज बघूनच सॉरॉनचे लोक पळाले. सॉरॉन शरण आला. राजाने त्याला कैदी करून घरी आणलं. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच! बघता बघता कैदी सल्लागार झाला.

राजाचं खरं दुखणं म्हातारपणाचं होतं. माणसांना बंदी असलेल्या पश्चिमेच्या अमरभूमीवर ज्याची सत्ता त्याला मरण नाही, असं सॉरॉनने त्याच्या कानात भरवलं. निव्वळ थाप. पण ३३१० पासून जहाजं बांधायला घेतली, ती ३३१९ साली निघाली. निषिद्ध किनाऱ्यावर पाय ठेवलेला राजा कोसळत्या डोंगरांखाली फौजेसह गाडला गेला. मागे अख्खं बेट समुद्राने गिळलं.

[दृश्य: एकसरचे वीरगळ. दगडात कोरलेली गलबतं, वल्ह्यांची रांग.]

आता आपल्या खाडीकडे या. ठाणं तेव्हा श्रीस्थानक होतं, उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर. सुमारे १२६५ साली देवगिरीचा महादेव यादव हत्ती घेऊन त्याच्यावर चालून आला. जमिनीवर हरलेला सोमेश्वर गलबतांवर चढला आणि समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर दिसते ती हीच लढाई, असं काही अभ्यासक मानतात.

बुडाला कसा, ते सांगतो हेमाद्री. यादवांचा मंत्री, आपला हेमाडपंत. पोहण्यात तरबेज असलेला सोमेश्वर म्हणे महादेवाच्या हत्तींच्या मदाच्या नद्यांत बुडाला! महादेवाच्या कोपापेक्षा त्याला म्हणे वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातली आग, बरा वाटला! धन्याचं मीठ खाल्लेला माणूस, तो असंच लिहिणार. रचलेल्या राजाच्या मनातली भीतीसुद्धा आपल्याला ठाऊक आहे. ठाण्याच्या राजाचा शेवट मात्र जिंकणाऱ्याच्या मंत्र्याकडून ऐकायचा.

[दृश्य: उरणच्या बाजूची वाडी. पाटाचं पाणी.]

सोमेश्वराच्या स्वतःच्या काळातला एक शिलालेख उरणजवळ चांजे गावचा आहे, १२६० सालचा. त्यात आरमार नाही, हत्ती नाहीत. एका बागेचं ठरलेलं उत्पन्न, १६२ पारुथ द्रम्म (तेव्हाची नाणी), ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद आहे.