काचेला पोट येतं तेव्हा

(दृश्य: अंधारलेली खोली. टाकीतला दिवा तेवढा लागलेला. वरच्या काळ्या फ्रेमवरून कॅमेरा सरकतो आणि मध्यावर थांबतो.)

ही भेग महिन्याभरापूर्वी केसाएवढी होती. आता तिच्यात नख जातं.

माशांच्या या सहा फुटी टाकीच्या वरच्या फ्रेमला मधोमध एक आडवी पट्टी असते, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत. ती पट्टी इथे तुटली आहे. पाणी एक थेंबही गळत नाही. आतले दोन ऑस्कर मासे नेहमीसारखे काचेपाशी येऊन खाणं मागताहेत. सगळं ठीक दिसतंय, आणि त्याचीच मला भीती वाटते.

(दृश्य: पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर ताणलेला पांढरा दोरा.)

दोन्ही कोपऱ्यांवर 10 मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवल्या आणि त्यांवरून दोरा ताणला. काच सरळ असती, तर मध्यावरही काच आणि दोरा यांत 10 मिलिमीटरच अंतर भरलं असतं. भरतंय 6. म्हणजे काच 4 मिलिमीटर बाहेर आली आहे. गवंडी भिंतीबद्दल म्हणतात तसं, काचेला पोट आलंय.

का, ते समजायला थोडा हिशेब पुरतो. टाकी 180 सेंटिमीटर लांब, पाणी 60 सेंटिमीटर उंच. पृष्ठभागापाशी पाण्याचा दाब शून्य, तळाशी दर चौरस सेंटिमीटरला 60 ग्रॅम, म्हणजे सरासरी 30. पाण्याला टेकलेली काच 10,800 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की 324 किलो. एकट्या पुढच्या काचेवर एवढा रेटा असतो, रात्रंदिवस. टाकी मागे दोन फूट रुंद असो की चार फूट, या आकड्यात फरक पडत नाही. तो ठरतो पाण्याच्या उंचीवर आणि काचेच्या लांबीवर.

दाब तळाशी जास्त, मग पोट वर का येतं? कारण काचेची खालची कड तळाला जोडलेली असते आणि दोन बाजू शेजारच्या काचांना. मोकळी असते ती फक्त वरची कड. ती मध्यावर झुकते. पुढची काच पुढे, मागची मागे. मधली पट्टी या दोघींना एकमेकींकडे ओढून धरत होती.

(दृश्य: लोखंडी चौकटीच्या जुन्या टाकीचं रेखाचित्र.)

एकोणिसाव्या शतकात चौकटीचं काम वेगळं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली फिश हाउस उघडलं. पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घराघरांत नेला. त्या काळातल्या टाक्यांच्या काचा धातूच्या चौकटीत लांबी (पुट्टी) भरून बसवत. चौकट नाही तर टाकीच नाही. 1960 नंतर सिलिकॉनचा रबरासारखा गोंद आला, काच काचेला थेट चिकटू लागली, आणि चौकट प्लॅस्टिकची झाली. तेव्हापासून लोकांना ती शोभेची वाटते. बिनकाठाच्या टाक्या असतात, पण त्यांची काच त्यासाठीच जाड घेतलेली असते. पातळ काचेच्या टाकीचा काठ ‘दिसायला छान’ म्हणून काढून टाकणं हा माशांच्या आणि घराच्याही जिवाशी खेळ आहे.

प्लॅस्टिक तुटतं कशानं? दिव्यांची धग आणि अतिनील किरण त्याला वर्षानुवर्षं ठिसूळ करतात. त्यात कुणी साफसफाई करताना पट्टीवर कोपर टेकवतं, कुणी फ्रेमला धरून टाकी उचलतं.

(दृश्य: हीटरचा प्लग काढणारा हात. नळीतून बादलीत पडणारं पाणी.)

आधी हीटर बंद. चालू हीटर पाण्याबाहेर उघडा पडला, तर त्याची काच तडकू शकते. मग पाणी निम्म्यावर. उंची अर्धी झाली की सरासरी दाब अर्धा होतो, आणि ओली काचही अर्धीच उरते. म्हणून रेटा थेट चौथ्या हिश्श्यावर येतो: 324 किलोंचे 81. बाकीच्या दुरुस्तीचा विचार उद्या करता येतो, पाणी मात्र आजच कमी करायचं.

ऑस्कर मोठ्या टबात गेले, त्याच पाण्यासह आणि त्याच फिल्टरसह. फिल्टरमधला स्पंज सुकू द्यायचा नाही. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यात राहतात. ते मेले, तर नव्या पट्टीचा माशांना काही उपयोग नाही. टबावर झाकण हवंच, ऑस्कर उड्या मारतात.

(दृश्य: रिकामी टाकी. पुन्हा तोच दोरा.)

आता टाकी पूर्ण रिकामी आहे आणि मध्यावरचं अंतर पुन्हा 10 भरतंय. मला सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप हेच वाटतं. काच आपणहून सरळ झाली, म्हणजे जोड अजून शाबूत आहेत. ती वाकडीच राहिली असती, किंवा कोपऱ्यातल्या सिलिकॉनमध्ये बुडबुडे, पांढरट रेघ, सुटलेली कड दिसली असती, तर पट्टी बसवून भागलं नसतं. पूर्ण टाकी उकलून नव्यानं जोडावी लागली असती. ताकद लावून काच आत दाबणं तर नकोच.

काचेची वरची कडही तपासली. टवका उडालेला असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो. म्हणूनच तुटकी पट्टी पेचकसानं उचकटायची नाही. ती बारीक करवतीनं दोन्ही टोकांशी कापून काढली, काचेला धक्का न देता.

भेगेत नुसता गोंद भरणं हा मोह मोठा असतो. पण चिकटणारी जागा असते पट्टीच्या जाडीएवढी, आणि ओढ सतत त्या जागेवरच. तो जोड पुन्हा सुटणार.

(दृश्य: कडा घासलेल्या काचेच्या पट्ट्या, अल्कोहोलनं पुसल्या जाताना.)

इथे नवी पट्टी काचेची केली आहे. पुढच्या आणि मागच्या काचेला आतून, काठाच्या लगेच खाली, 6 सेंटिमीटर रुंद अशा दोन लांब पट्ट्या. त्यांच्यावर मधोमध आडवी तिसरी, दोन्ही टोकांना 5 सेंटिमीटर चढवलेली. आता ओढ पातळ कडेवर येत नाही, पसरट जोडावर येते. काच साधी हवी, कापून कडा घासलेली. टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच नंतर कापता येत नाही, तिचा चुरा होतो.

जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढलं, कारण सुकलेल्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, आणि पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावलं नाही. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलं असावं. न्हाणीघरासाठी विकतात त्यात बहुधा बुरशीनाशक असतं, आणि ते माशांना बाधतं.

(दृश्य: चिकटपट्टी आणि लाकडी टेकूंवर तोललेल्या पट्ट्या.)

खोलीत व्हिनेगरसारखा वास भरलाय. हवेतली आर्द्रता शोषत सिलिकॉन घट्ट होतं, तेव्हा व्हिनेगरमधलंच आम्ल बाहेर पडतं. इथे बरेच जण घाई करतात. सिलिकॉनच्या नळीवर लिहिलेले तास उघड्या, बारीक थरासाठी असतात. आपला जोड दोन काचांच्या मध्ये दडलेला आहे. हवा शिरते फक्त कडांतून, आणि तिला आत जायचं आहे अडीच सेंटिमीटर. बाहेरून रबरासारखं लागलं, तरी मध्य ओलाच असू शकतो. म्हणून तीन आठवडे थांबायचं. टबातलं पाणी वरचेवर बदलायचं आणि थांबायचं.

(दृश्य: टाकीत चढणारं पाणी. काचेवर मार्करनं केलेल्या खुणा.)

15 सेंटिमीटर पाणी, मग एक दिवस विश्रांती. 30 सेंटिमीटर, पुन्हा एक दिवस. प्रत्येक खुणेला दोरा ताणून मोजमाप, आणि कोपऱ्यांवरून कोरडा कागद फिरवून ओल शिरली का, ते पाहणं. 45 पर्यंत अंतर 10 च.

60 सेंटिमीटरला 9.

दुसऱ्या दिवशी 9. आठव्या दिवशीही 9.

(दृश्य: टबाचं झाकण उघडतं. पहिला ऑस्कर टाकीत उतरतो, तळापर्यंत जातो, मग वर येऊन नव्या पट्टीखाली थांबतो.)