फोटोखालची पट्टी

(सांगलीत रस्त्यावरच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. आज दुपारी मी जरा लवकरच आलो. हॉल उघडा होता आणि आत कुणी नव्हतं. बाहेरच्या भिंतीवर फोटो लावून झाले होते. मी फोटोंकडे न बघता आधी नुसत्या खालच्या पट्ट्या वाचत गेलो. ‘प्रतीक्षा’ चार ठिकाणी आहे. ‘निरागस’ तीन ठिकाणी. शिवाय ‘संघर्ष’, ‘जगण्याची लढाई’, ‘मायेची ऊब’, ‘सांजवेळ’. मग परत पहिल्या फोटोपाशी आलो आणि फोटो बघितले. फोटो चांगले आहेत, काही तर फारच चांगले आहेत. मंडईत कांद्याच्या पोत्यावर डोकं टेकून झोपलेला तो पोरगा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. पण त्या चार ‘प्रतीक्षा’ आपापसात बदलल्या, तर कुणाच्या लक्षात येईल? ‘संघर्ष’ची पट्टी काढून ‘प्रतीक्षा’खाली लावली, तरी काही बिघडणार नाही. जे नाव कुठल्याही फोटोला चालतं, ते या एका फोटोचं नाव कसं झालं?

रस्त्यावर, समोरच्याच्या नकळत टिपलेल्या फोटोला, म्हणजे ज्याला आपण कँडिड म्हणतो त्याला, शीर्षक द्यावं का, असा आजचा विषय आहे. माझं मत आधीच सांगतो. भावना सांगणारं शीर्षक देऊ नये. कुठे, केव्हा आणि काय चाललं होतं, एवढं लिहावं. हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही. माझ्या एका फोटोनं मला ते शिकवलं, आणि त्या फोटोबद्दल मला आजही वाईट वाटतं.

२००५ चा पूर इथे सगळ्यांना आठवतो. त्याच्या पुढच्या वर्षीचा जुलै महिना. पाऊस दिवसभर लागून होता, संध्याकाळी जरा उघडला होता. मी कॅमेरा घेऊन कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे गेलो. काठाशी एक आजोबा उभे होते. धोतर, वर जुना कोट, बगलेत मिटलेली छत्री. पाठ माझ्याकडे. समोर गढूळ पाणी, पलीकडे पुलाचा खांब. माणूस एवढासा आणि पाणी एवढं. मी तीन फ्रेम घेतल्या. तेव्हा मी फिल्मवरच काम करायचो. घरी डार्करूममध्ये ट्रेमधल्या कागदावर चित्र उमटायला लागलं आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, ‘एकाकी’.

फोटो प्रदर्शनात लागला, त्याला बक्षीसही मिळालं. लोक समोर उभे राहायचे, पट्टी वाचायचे, ‘अरेरे’ म्हणायचे आणि पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी एक बाई दोन मुलांना घेऊन आल्या. मुलगा फोटोकडे बोट दाखवून ओरडला, “आजोबा!” बाई जवळ गेल्या. त्यांनी पट्टी वाचली, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि मला विचारलं, “हे तुम्ही लिहिलंय?”

मी हो म्हणालो.

“हे आमचे मामंजी. एकाकी कुठले हो? घरात आम्ही नऊ माणसं आहोत. आणि सगळी गल्ली असते ती वेगळीच.”

मग त्यांनी सांगितलं. मामंजी पावसाळाभर सकाळ-संध्याकाळ पाणी बघायला जायचे. खांबावर रंगवलेला फुटांचा आकडा वाचायचा, घरी येताना गल्लीत प्रत्येक दारात तो सांगायचा. आदल्या वर्षी त्या सगळ्या घरांत पाणी शिरलं होतं. त्यामुळे धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे की नाही, म्हातारी माणसं पाहुण्यांकडे धाडायची की नाही, हे गल्लीतल्या बायका त्यांच्या आकड्यावर ठरवायच्या. “त्यांना यायला उशीर झाला, की लोक दारात येऊन उभे राहतात,” असं त्या म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता. आपल्या माणसाबद्दल कुणीतरी चुकीचं लिहिलंय, ते दुरुस्त व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी फोटोकडे वळलो. खांबावर आकडे होते. स्पष्ट, वाचता येतील असे. हा फोटो मी एनलार्जरखाली, म्हणजे फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कितीतरी वेळ बघितला होता. आकाश थोडं गडद केलं होतं, धुळीचे ठिपके बारीक ब्रशनं भरले होते. प्रिंटचा इंच न इंच माझ्या नजरेखालून गेला होता, पण ते आकडे मला दिसले नव्हते. ‘एकाकी’ म्हटल्यावर आकड्यांचं काही कामच उरलं नव्हतं. बघणाऱ्याच्या आधी माझेच डोळे त्या शब्दानं मिटले होते.

मी ती पट्टी काढली आणि दुसरी लिहिली, ‘आयर्विन पूल, सांगली. जुलै २००६. पाण्याची पातळी बघताना.’ पुढचे दोन दिवस लोक त्या फोटोजवळ वाकून उभे राहायला लागले. पाणी किती फुटांवर आहे, ते वाचायला बघायचे. एक गृहस्थ आपल्या घरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते सांगत बराच वेळ थांबले. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात आपण सगळेच त्या आजोबांसारखे आकड्यावर डोळे लावून होतो, आणि त्याला एकाकीपण म्हणत नाहीत.

आता ही शीर्षकाची सवय आली कुठून? चित्रकलेतून आली, असं मला वाटतं. फोटोग्राफी ही यंत्राची करामत आहे, कला नव्हे, असं लोक म्हणत होते, त्या काळात फोटोग्राफर चित्रकारांसारखी प्रदर्शनं भरवायला लागले आणि चित्रकारांसारखी नावंही द्यायला लागले. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या अमेरिकन फोटोग्राफरनं १९२२ पासून ढगांचे फोटो काढले. पहिल्या मालिकेच्या नावात त्यानं संगीत आणलं, पुढच्या वर्षी आकाशाची गाणी म्हटलं आणि शेवटी ‘इक्विव्हॅलंट्स’, म्हणजे समतुल्य, या एका शब्दावर आला. तो ढगांची तक्रार ऐकायला बांधील नव्हता. आपल्या फोटोतल्या माणसाला मात्र सून असते, नातवंडं असतात.

रस्त्यावर फोटो काढणाऱ्या मोठ्या लोकांनी काय केलं तेही बघा. आंरी कार्तिए-ब्रेसाँचा तो सुप्रसिद्ध फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितला असेल. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस झेप घेतोय, टाच अजून पाण्याला टेकलेली नाही. त्याखाली काय असतं? सेंट लझार स्थानकाच्या मागे, पॅरिस, १९३२. बस. त्या फोटोत मागच्या भिंतीवर एक पोस्टर आहे. त्यावर एक नर्तिका तशीच, पण उलट्या दिशेला झेप घेताना दिसते. ‘झेप’ असं नाव दिलं असतं, तर आपण त्या माणसावरच थांबलो असतो. नुसतं ठिकाण वाचलं की नजर भटकते, आणि भटकता भटकता पोस्टरपर्यंत जाते.

त्याच कार्तिए-ब्रेसाँच्या बाबतीत एका शीर्षकानं किती मोठं काम केलं तेही सांगतो. १९५२ साली त्याचं पुस्तक आलं. फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’. परवाना नसलेला फेरीवाला रस्त्यावर माल मांडतो आणि पोलीस दिसले की गाठोडं आवळून पळतो, त्या प्रकारच्या विक्रीसाठी हे ‘आ ला सोव्हेत’ वापरतात. चटकन, चोरून, सावधपणे. मारुती चौकात उभं राहून फोटो काढणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. इंग्रजी आवृत्तीला मात्र प्रकाशकानं वेगळं नाव दिलं, ‘द डिसिसिव्ह मोमेंट’, निर्णायक क्षण. तेव्हापासून जगभरचे फोटोग्राफर, तुम्हीआम्हीसुद्धा, तो एक निर्णायक क्षण शोधत फिरतोय. गाठोडं आवळून पळणारा फेरीवाला इंग्रजीत कुठे राहिलाच नाही. पुस्तकाच्या नावात एवढी ताकद असेल, तर फोटोखालचं नाव किरकोळ कसं म्हणायचं?

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा एक फोटो आहे, १९३६ चा. कॅलिफोर्नियात निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एक आई बसली आहे, दोन मुलं तिच्या खांद्यांवर तोंड लपवून आहेत, मांडीवर तान्हं आहे. फोटोसोबतच्या मूळ नोंदीत वाटाणा तोडणारे निर्धन मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस, ठिकाण निपोमो, एवढं होतं. ‘मायग्रंट मदर’, स्थलांतरित आई, हे नाव पुढे रूढ झालं आणि त्या काळच्या अमेरिकी दारिद्र्याचा तो चेहरा ठरला. त्या बाईंचं नाव लँगनं विचारलंच नव्हतं. चाळीसहून अधिक वर्षांनी, १९७८ साली, त्या कोण हे लोकांना कळलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी वंशाच्या. त्या फोटोचं त्यांना दुःखच होतं. त्यातून आपल्याला काही मिळालं नाही आणि आपलं नावही कुणी विचारलं नाही, असं त्या म्हणाल्या. तो फोटो रस्त्यावरचा नाही, आणि त्याचा उपयोगही झाला, त्या तळावर अन्न पोचलं. तरी चाळीस वर्षं एक बाई स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्यांनी दिलेल्या नावानं जगभर फिरत होती, हे माझ्या मनातून जात नाही.

इथे कुणी विचारेल, मग शब्दच नकोत का? हवेत. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतरचा, रघू राय यांनी काढलेला फोटो आठवा. डिसेंबर १९८४. मातीत अर्धं झाकलेलं लहान मुलाचं तोंड, उघडे डोळे, कपाळावरून मागे फिरणारा एक हात. त्याच्या नावात एक अनोळखी मूल पुरलं जातंय एवढंच सांगितलंय. ‘वेदना’ नाही, ‘आक्रोश’ नाही. ‘अनोळखी’ ही भावना नव्हे, ती माहिती आहे. आणि ती वाचल्यावर त्या फोटोकडे बघत राहणं अवघड होतं. फोटोत दिसू न शकणारी गोष्ट शब्दानं सांगावी. जी दिसते आहे, ती पुन्हा कशाला?

एक गोष्ट मान्य करायला हवी. ठिकाण आणि साल लिहिलं म्हणजे खरेपणा आला, असं नाही. पॅरिसच्या नगरभवनासमोरचं चुंबन, रॉबेअर द्वानोचा १९५० चा फोटो, लोकांनी कित्येक वर्षं आपोआप घडलेला प्रसंग म्हणून बघितला. १९९० च्या दशकात कळलं, की त्या दोघांना त्यानं तसं करायला सांगितलं होतं. पट्टी साधी होती, पण फोटो मांडलेला होता. साधी पट्टी तुम्हाला प्रामाणिक करत नाही. ती फक्त तुमचा अंदाज दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चिकटवायचं टाळते.

परवा फोनवर एका तरुण मैत्रिणीनं मला विचारलं, “सर, मग त्यात माझा दृष्टिकोन कुठे राहिला?” प्रश्न महत्त्वाचा आहे. दृष्टिकोन तुम्ही कुठे उभ्या राहिलात, केव्हा बटण दाबलंत आणि कोणाला चौकटीबाहेर ठेवलंत, त्यात आहे. तो फोटोत उतरला नसेल, तर पट्टीवर येऊन काय करणार? व्हिव्हियन मायर शिकागोत दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि फावल्या वेळात फोटो काढायची. तिनं एक लाखाहून जास्त निगेटिव्ह मागे ठेवल्या, कितीतरी रोल तर धुतलेलेही नव्हते. शीर्षकं नाहीत. तिची नजर ओळखायला कुणाला अडचण येत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. अभंगाला शीर्षक नसतं, तो पहिल्या ओळीनं ओळखला जातो. आपल्या शेजारी मिरजेत गाण्याची बैठक ऐकलेल्यांना ठाऊक आहे, की बंदिश तिच्या पहिल्या शब्दांनी ओळखतात. गायक राग सांगतो, ताल सांगतो. पुढे काय वाटावं हे सांगत नाही. फोटोखालचं ठिकाण आणि महिना मला रागाच्या नावासारखे वाटतात.

भाषेचं एक सांगतो. ‘प्रतीक्षा’ हा शब्द आपण घरात कधी वापरतो? “मी एसटीची प्रतीक्षा करतेय” असं स्टँडवर बसलेली बाई म्हणत नाही. ती म्हणते, जतची गाडी अजून लागली नाही. मग तेच लिहा, ‘एसटी स्टँड, जतच्या गाडीची वाट बघताना’. पण त्यासाठी तिला विचारावं लागतं, बाई, कुठे निघालात? फोटो नकळत काढा, माझी हरकत नाही. काढून झाल्यावर दोन पावलं पुढे जाऊन बोलायला काय हरकत आहे? मार्केट यार्डात हळदीच्या ढिगाशेजारी नाकाला पदर लावून बसलेली बाई दिसली, की आपण घाईनं ‘दुःख’ लिहितो. ती धुळीसाठी पदर लावून बसली असेल, हे तिथे दहा मिनिटं उभं राहिलं की आपल्याच नाकाला कळतं.

स्पर्धांचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय सॅलॉनच्या, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांच्या, अर्जावर शीर्षकाचा रकाना असतोच, आणि एका नावानं स्वीकारलेला फोटो पुढे नाव बदलून पाठवता येत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी घाईत लिहिलेला शब्द त्या माणसाला कायमचा चिकटतो. रकाना भरायचाच आहे, तर ठिकाण आणि काम लिहा. परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत. आणि स्टुडिओत, मनानं रचून, माणसं उभी करून केलेला फोटो असेल, तर त्याला हवं ते नाव द्या. ती तुमची निर्मिती आहे.

माझं बोलणं झालं. आता बाहेर जाऊ. भिंतीवरच्या पट्ट्या नुसत्या टेपनं लावलेल्या आहेत, मी आयोजकांना विचारून ठेवलंय. दाराशी टेबलावर कोऱ्या पट्ट्या आणि पेनं आहेत. ज्यांना आपली पट्टी ठेवायची आहे त्यांनी ठेवावी. ज्यांना बदलायची आहे त्यांना महिना आठवत नसेल, तर मोबाईलमधली मूळ फाईल उघडून बघा, तारीख आणि वेळ त्यात असते. आणि त्या कांद्याच्या पोत्यावरच्या पोराचा फोटो कुणी काढलाय, त्यानं मला जरा भेटावं. तो पोरगा किती वाजता झोपला होता, आणि त्याआधी त्यानं किती पोती उतरवली होती, ते मला विचारायचंय.