हिरव्या रंगाखालचा लाल

(दृश्य: फ्रान्सचा नॉर्मंडी प्रांत, जून महिना. लष्करी हिरव्या रंगाचे जुने ट्रक रांगेनं किनाऱ्याकडे निघाले आहेत.)

हा जीएमसी. अडीच टन माल नेणारा, दहा टायरांचा अमेरिकन लष्करी ट्रक. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जूनमध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीत उतरलं, आणि ऑगस्टात त्याची आघाडी इतक्या झपाट्यानं पुढे सरकली की रसद मागे पडली. मग सें-लोपासून शार्त्रपर्यंत रात्रंदिवस ट्रकांची साखळी सुरू झाली. तिचं नाव रेड बॉल एक्स्प्रेस. तिच्या दर चार चालकांपैकी सुमारे तीन कृष्णवर्णीय अमेरिकन होते.

ही कामगिरी पुष्कळांना ठाऊक असते. पण युद्ध संपल्यावर यातले काही ट्रक आग विझवायला गेले, आणि आपली गोष्ट तिथून सुरू होते.

(दृश्य: पाइनचं जंगल. पांढुरकी वाळू, तिच्यात रुतलेल्या चाकोऱ्या.)

फ्रान्सच्या नैऋत्येला, बोर्दो शहराच्या दक्षिणेला पसरलेलं हे लांदचं जंगल. जवळजवळ दहा लाख हेक्टर, आणि बहुतेक सगळं माणसानं लावलेलं. पूर्वी इथे पाणथळ माळ होता. मेंढपाळ पायांना उंच काठ्या बांधून मेंढरं राखायचे. १८५७ मध्ये, तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत कायदा झाला, चर खणून पाणी काढलं गेलं आणि पाइन लावले गेले. झाडाच्या अंगात राळ, बुडाशी वाळलेल्या सुयांचा आणि नेच्याचा थर, खाली भुसभुशीत वाळू. पाऊस ओढ देतो तेव्हा एक ठिणगी पुरते.

१९४९ चा उन्हाळा तसाच कोरडा होता. १९ ऑगस्टला बोर्दोजवळच्या जंगलात आग लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. आतापर्यंत वणव्याच्या कडेनं काम करणारी माणसं क्षणात त्याच्या तोंडाशी आली. पळायला वाट नव्हती. त्या वणव्यात ८२ जण गेले. अग्निशमन दलाचे लोक, मदतीला धावलेले गावकरी, आणि आग विझवायला पाठवलेले तोफखान्याचे तरुण सैनिक. सुमारे ५० हजार हेक्टर जंगल जळालं.

(काही क्षण निवेदन नाही. सेस्तासजवळचं स्मारक.)

वाळूतून वणव्यापर्यंत पाणी न्यायचं कसं, हा इथला खरा प्रश्न. शहरातला बंब डांबरी रस्ता सोडला की रुततो. आणि अमेरिकन सैन्यानं मागे ठेवलेल्या या ट्रकाच्या तिन्ही अ‍ॅक्सलना इंजिनाची ताकद मिळत होती. एक दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावायची. मग मागचा हौदा काढून तिथे पाण्याची टाकी बसली, पंप बसला, अंगाला लाल रंग लागला. धाकट्या डॉज गाड्यांचंही हेच झालं. कोवळी पाइनची झाडं आडवी करत वाट काढता यावी म्हणून पुढे दणकट लोखंडी गज लावले गेले. लांदमध्ये, दक्षिणेत प्रोव्हान्समध्ये, आणि शेजारच्या देशांतल्या कितीतरी गावांच्या अग्निशमन दलांतही या गाड्या दाखल झाल्या.

आज युरोपात अमेरिकन बंब म्हटलं की विमानतळावरचे, ऑशकॉश या अमेरिकन कंपनीचे अजस्र बंब आठवतात. जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांत तर लांबलचक अमेरिकन गाडीला वळायलाच जागा नसते. पण माझ्या मते युरोपच्या सर्वांत जास्त उपयोगी पडला तो हाच अमेरिकन बंब, जो बंब म्हणून बनलेलाच नव्हता.

त्याची किंमत जवानांनी मोजली. इंजिन पेट्रोलचं, आणि केबिनच्या मागे, उजव्या अंगाला दीडशे लिटर पेट्रोलची टाकी. अनेक गाड्यांना पत्र्याची केबिनसुद्धा नाही, डोक्यावर नुसती ताडपत्री. अशा गाडीत बसून माणसं भडकत्या पाइनमध्ये शिरत होती. आजच्या वणव्याच्या बंबाची केबिन बंद असते. आगीनं घेरलंच, तर गाडी स्वतःवर पाण्याचा फवारा सोडते, तेवढं पाणी टाकीत राखूनच ठेवलेलं असतं. २०२२ च्या जुलैत लांदिरास आणि ला तेस्त-द-ब्युश इथे २० हजार हेक्टरांहून जास्त जंगल जळालं, तेव्हा जवान अशाच गाड्या घेऊन त्याच वाळूत उतरले होते.

(दृश्य: गॅरेज. ट्रकाच्या दारावर पॉलिश कागद फिरतो आहे.)

जीएमसी १९८० च्या दशकापर्यंत कुठे ना कुठे कामावर होता. नंतर संग्राहकांनी या गाड्या शोधून काढल्या. अग्निशमन दलाच्या गाड्या छपराखाली उभ्या असायच्या, फार किलोमीटर पळालेल्या नसायच्या, त्यामुळे त्यांना मोठी मागणी. टाकी उतरते, हौदा परत चढतो, लष्करी हिरवा रंग लागतो, दारावर पांढरा तारा येतो, आणि गाडी जूनमध्ये नॉर्मंडीच्या मिरवणुकीत सामील होते.

(दृश्य: दाराची आतली कड, अगदी जवळून. हिरव्या रंगाचा टवका उडाला आहे. खाली लाल.)