नळी धरून बसलेली माय

नमस्कार श्रोतेहो. मोठ्या ऑपरेशननंतर जखमेला नळी आणि खाटेशेजारी घरघरणारं छोटं मशीन तुम्ही पाहिलं असेल. वॉर्डात आम्ही त्याला व्हॅक म्हणतो. उघड्या जखमेत स्पंज बसवतात, वरून पारदर्शक पट्टी हवाबंद चिकटवतात, आणि पंप साधारण उणे 125 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवतो. साचलेलं पाणी ओढलं जातं, सूज उतरते, कडा जवळ येतात, तळातून लाल मांस भरतं. दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलतात.

पारोळ्याकडची एक माउली मला नेहमी आठवते. मुलाचं अपेंडिक्स फुटलेलं, ऑपरेशननंतर वरचे टाके पिकले, उघडावे लागले. मशीन लावलं. माय रात्रभर बाटलीकडे बघत बसलेली, बाटलीत लालसर पाणी चढत होतं. मध्यरात्री अलार्म वाजला. धावत गेले, तर तिनं नळी मुठीत आवळून धरलेली.

"मन्हा पोऱ्यानं रगत पी ऱ्हायनं हाई!" म्हणजे, हे मशीन माझ्या पोराचं रक्त पितंय.

मी हात सोडवला नाही. शेजारी बसले, बाटली उजेडात धरली. म्हटलं, मावशी, रक्त असं पातळ, आरपार दिसेल का? हे जखमेतलं पाणी आहे, आत राहिलं तर पुन्हा पू होईल. ती ऐकेना. तेवढ्यात पोरगाच बोलला, "माय, आपलं ठिबक पानी देस, हाई पानी लेस." तिच्या वावरात ठिबक होतं. मूठ सुटली.

दुसऱ्या दिवसापासून तीच राखणदार! नळीवर कुणाचा पाय पडू देईना. स्पंज काढला तेव्हा आत लालबुंद तळ होता, दुर्गंधी गेलेली. ती माझ्याकडे बघून नुसती हसत होती.

भेटायला येणाऱ्यांनाही तिनं दारातच थांबवलं, आणि बरं केलं. खाटेवर बसणारे दहा पाहुणे मला मुळीच पटत नाहीत. आणि आजाऱ्याला नुसत्या पेजेवर ठेवणंही नाही. डाळ, अंडी, दूध द्या, मांस भरायला तेच लागतं.

तर पुन्हा सांगते, फिकट लालसर पाणी येणं ठीक. पण भडक लाल रक्त भराभर आलं, तर मशीन बंद करून जखम दाबून धरा आणि लगेच हाक मारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. हल्ली मधुमेह किंवा जास्त वजन असलेल्यांच्या शिवलेल्या टाक्यांवरही, पिकू नयेत म्हणून, हा दाब पाच-सात दिवस ठेवतात. सडलेलं मांस मात्र आधी डॉक्टरांनीच काढायला हवं, ते काम मशीन करत नाही.

एरवी मात्र मशीन मनानं बंद करू नका. दोन तासांहून जास्त बंद राहिलं तर तो स्पंज तसाच ठेवायचा नसतो. वीज गेली तर बॅटरी चालते, पण चार्जिंग तपासा. पट्टीतून फुस्स आवाज आला, की सिस्टरला बोलवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.