भरतीला न विचारता ठरलेली सहल

श्रोतेहो, नमस्कार. कोकणातील जलक्रीडांच्या जाहिराती आपण हल्ली सर्वत्र पाहता. आज मी अशाच एका सहलीविषयी बोलणार आहे. ती विद्यार्थ्यांसाठी आखली होती, सोबत वाटाड्याही होता, आणि तरीही ती फसली.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. तारकर्ली-मालवण निवडण्यामागे सरळ विचार होता. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो, आणि किनाऱ्यापासून होडीने थोडेच अंतर गेल्यावर उथळ पाण्यात जिवंत प्रवाळ पाहता यावेत अशा जागा महाराष्ट्रात फार थोड्या आहेत. शिवाय जवळच कर्ली नदीची खाडी आहे, तिच्या काठाने कांदळवन आहे, आणि देवबागला ती नदी समुद्राला मिळते. सकाळी स्नॉर्केलिंग आणि नंतर खाडीत कयाक, असा कार्यक्रम आम्हाला लेखी मिळाला होता. प्रत्यक्षात न्याहारी, बस आणि आधीच्या गटाची गर्दी यांत सकाळ निघून गेली, आणि आमची होडी किल्ल्याकडे निघाली तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते.

आता इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळे बिघडले ते याच उशिराने. दिवस पौर्णिमेचा होता. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणावे, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. पौर्णिमेची पंधरावी तिथी धरली तर उत्तर सव्वाअकरा येते. म्हणजे अकराच्या सुमारास पाणी भरलेले आणि त्यातल्या त्यात स्वच्छ असते. तीन वाजता मात्र उधाणाची ओहोटी जोरात लागलेली असते, आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा पाणी ढवळत असतो. होडी चालवणाऱ्या कोणत्याही तांडेलाला हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. आमच्या आयोजकांनी त्याला विचारलेच नव्हते.

पाण्यात उतरल्यावर विद्यार्थ्यांना दिसला तो हिरवट गढूळपणा. प्रत्येकाला ट्यूब धरून, तोंडात नळी घालून काही मिनिटे खाली पाहायला मिळाले, आणि त्या मिनिटांचाही मोठा भाग काचेवर साचलेली वाफ पुसण्यात गेला. तेवढ्यात सोबतच्या माणसाने बिस्किटांचा चुरा टाकला, पट्टेदार माशांचा घोळका वर आला, कॅमेऱ्यात चित्रण झाले आणि पुढच्याला बोलावण्यात आले. ते चित्रण नंतर वेगळे पैसे घेऊन विकले जाते, हेही आम्हाला तिथेच कळले. एका विद्यार्थिनीने खालच्या गोलसर दगडाकडे बोट दाखवून हा प्रवाळ आहे का, असे विचारले, उत्तर मिळाले, “असेल, त्यावर उभे राहिलात तरी चालेल.” तो प्रवाळच होता. खडक रचणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीला बसतात. अभयारण्यात रोज माणसे उतरवणाऱ्याला एवढेही सांगितले गेले नसेल, तर त्या माणसापेक्षा त्याला कामावर ठेवणाऱ्यांवर माझा राग अधिक आहे.

कयाकची गत त्याहून वाईट झाली. खाडीत पोहोचेपर्यंत पाणी इतके उतरले होते, की कांदळवनाच्या आत जाणाऱ्या ओहळांत चिखल उघडा पडला होता आणि तिकडे कयाक नेणे शक्यच नव्हते. उरले मधले पात्र, आणि तिथे ओहोटीचा ओढ संगमाकडे होता. वल्हे कसे धरावे हे कुणी शिकवले नाही, काही जीवरक्षक जॅकेटांचे पट्टे तुटलेले होते, आणि मार्गदर्शक सर्वांत पुढच्या कयाकमध्ये होता. मागची मुले वाळूच्या बांधावर अडकली, हे त्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आले. कुणाला इजा झाली नाही. पण २०१६ साली मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले आणि २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीलाच पर्यटकांची होडी उलटून माणसे दगावली, हे आठवत असलेल्या शिक्षकाने त्या संध्याकाळी काय अनुभवले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

तक्रार केल्यावर आम्हाला चित्रणाचे पैसे परत देऊ करण्यात आले. विद्यार्थ्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी, भरती असताना, एका स्थानिक मच्छीमाराच्या होडीतून खाडी पाहण्याचा आग्रह धरला. त्या गृहस्थांनी तिवरांची जमिनीतून वर आलेली श्वसनमुळे दाखवली, कोळंबीची पिल्ले या मुळांच्या आसऱ्याने का वाढतात ते सांगितले, आणि पाण्याचा रंग बदलतो ती रेघ दाखवून नदी कुठे संपते तेही समजावले.

पुढची सहल आम्ही माघ शुद्ध दशमी-एकादशीच्या सुमारास ठरवत आहोत. तेव्हा भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचे, दिवस जवळ असल्याने ओढ कमी असतो, भरती साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते आणि वारा सुटायला अवकाश असतो. बस आदल्या रात्रीच मालवणात पोहोचेल, आणि न्याहारी पाण्यातून बाहेर आल्यावर होईल.